जेवणानंतर व्हीलॅन बदलतो: एका नॅक सेटअपचं प्रकरण

चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी आहे, नाव सांगत नाही, आणि सांगून काही फायदाही नाही कारण चूक त्यांची नव्हती, बऱ्यापैकी माझीच होती. त्यांच्या ऑफिस बिल्डिंगमध्ये वायर्ड पोर्टवर नॅक (नेटवर्कमध्ये कोण येतंय ते तपासणारी व्यवस्था) लावायचं काम आमच्याकडे आलं. म्हणजे भिंतीतल्या जॅकमध्ये कुणीही येऊन केबल खुपसली की थेट ईआरपीचा, म्हणजे कंपनीचा सगळा व्यवहार ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर दिसायचा, ते बंद करायचं होतं, बास. ऑडिटवाल्यांनी लाल पेनानं लिहिलं होतं म्हणून घाई.

मांडणी साधी होती. सिस्कोचे ॲक्सेस स्विच, मागे दोन फ्रीरेडियस ३ चे सर्व्हर (कुणाला आत घ्यायचं ते स्विचला सांगणारे, पुढे नुसतं रेडियस), त्यांच्यामागे ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी), म्हणजे विंडोजच्या युजर-पासवर्डची यादी. लॅपटॉप-डेस्कटॉप ८०२.१एक्सनं (केबल लावली की पोर्टवर आधी ओळख पटवायची पद्धत) येणार, पीईएपी आणि आत एमएसचॅप, म्हणजे विंडोजचं लॉगिन आहे तेच. प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन असल्यांना ८०२.१एक्स कळत नाही, ते मॅक ॲड्रेसवर, म्हणजे मॅबनं. कोण कुठल्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) जाणार ते एडीच्या ग्रुपवरून ठरायचं: अकाउंट्स आणि एचआर २०, डिझाइन ३०, क्वालिटी ४०, प्रिंटर वगैरे ५०, आणि पाहुण्यांसाठी ९०, जिथून फक्त इंटरनेट मिळतं. पोर्टवर हातानं लिहिलेला व्हीलॅन सगळीकडे ९० ठेवला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोमवारी लाइव्ह केलं. सोमवार बरा गेला. मंगळवारी दुपारी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, "अहो सर, तुमचं ते नवीन सिक्युरिटीचं काय लावलंय ना, नेट चालतंय पण ईआरपी उघडत नाहीये." मी सांगितलं लॅपटॉप रिस्टार्ट करा. रिस्टार्ट केला, चालू झालं. आता सगळ्यांना माहितीये की रिस्टार्टनं चालू झालेली गोष्ट आपण आयटीवाले सुटलेली धरतो, मीही धरली.

मग दुसऱ्या मजल्यावरून क्वालिटीचा फोन, नेटच नाही. एचआरमधून फोन, पेरोल उघडत नाही. तिथला आयटीचा पोरगा चांगला होता, त्यानं एक्सेलमध्ये तक्रारी लिहायला घेतल्या, पण लिहिताना प्रत्येक ओळीत एकच वाक्य, "नेट इश्यू आफ्टर नॅक". इथंच आम्ही एक दिवस घालवला, कारण "नेट नाही" आणि "नेट आहे पण ईआरपी नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि आम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरल्या.

क्वालिटीचं आधी सापडलं कारण ते सोपं होतं. तिथल्या स्विचच्या लॉगमध्ये सरळ लिहिलेलं की रेडियसनं दिलेला व्हीलॅन अस्तित्वात नाही किंवा शटडाउन आहे. त्या मजल्याचा स्विच दोन महिन्यांपूर्वी जळाला होता आणि स्पेअर बसवताना कुणीतरी जुनं कॉन्फिग चढवलं होतं, त्यात ४० नव्हताच. व्हीटीपी (स्विचमध्ये व्हीलॅनची यादी आपोआप पसरवणारी सोय) आम्ही ट्रान्स्परंट ठेवलेलं, म्हणजे व्हीलॅन प्रत्येक स्विचवर हातानं बनवायचा. बनवला, अपलिंकच्या ट्रंकच्या (दोन स्विचमधली, अनेक व्हीलॅन नेणारी जोडणी) अलाउड यादीतही घातला (हे विसरलं की ऑथेंटिकेशन हिरवं, व्हीलॅन बरोबर, आणि आयपी मात्र मिळत नाही, मग आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीला शिव्या), क्वालिटीवाले खूश. मी बुधवारी संध्याकाळी "इश्यू रिझॉल्व्ड" असा मेल टाकून दिला, साहेबांना सीसी करून.

गुरुवारी दुपारी २ वाजता मॅडमचा फोन.

आता जरा नीट बसलो. स्विचवर जाऊन त्यांच्या पोर्टचं सेशन डिटेलमध्ये बघितलं. स्टेटस ऑथराइज्ड, मेथड डॉट१एक्स, युजरनेम त्यांचंच, पण सर्व्हर पॉलिसीच्या खाली जिथं व्हीलॅन २० दिसायला पाहिजे तिथं काहीच नाही, रिकामं. म्हणजे स्विचच्या दृष्टीनं माणूस ओळखीचा, पण कुठं बसवायचा ते कुणी सांगितलंच नाही, मग त्यानं पोर्टवर लिहिलेल्या ९० मध्ये बसवला. म्हणून इंटरनेट चालू आणि ईआरपी बंद. तक्रार तंतोतंत जुळली.

रेडियसचा लॉग बघितला तर "लॉगिन ओके", नाव बरोबर, पोर्ट बरोबर, वेळ बरोबर. हा लॉग फसवा असतो, कारण लॉगिन ओके म्हणजे पासवर्ड बरोबर एवढंच, सर्व्हरनं सोबत काय पाठवलं ते त्यात येत नाही.

व्हीलॅन द्यायला ॲक्सेस-ॲक्सेप्टमध्ये (रेडियसच्या होकाराच्या उत्तरात) तीन गोष्टी, म्हणजे ॲट्रिब्यूट, जाव्या लागतात: टनेल-टाइप १३, टनेल-मीडियम-टाइप ६, आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीमध्ये व्हीलॅनचा नंबर, तोही नंबर म्हणून नाही तर अक्षरांसारखा. हे २००३ च्या आरएफसी ३५८० या नेटवर्किंगच्या दस्तऐवजात आहे आणि सगळ्या कंपन्यांचे स्विच साधारण हेच पाळतात. तिघांपैकी एक जरी चुकलं तर स्विच गुपचूप सोडून देतो. आधी मला वाटलं हेच झालंय. मग वाटलं स्विचवर नेटवर्क ऑथरायझेशन रेडियसकडून घ्यायची ओळ राहिली असेल, ती नसली की ॲक्सेप्ट येतो पण व्हीलॅन घेतलाच जात नाही, भल्याभल्यांकडून ती राहते. पण दोन्ही शंका एका प्रिंटरनं मारल्या. मॅडमच्या शेजारच्याच पोर्टवर प्रिंटर होता, त्याच स्विचवर, तो मॅबनं ५० मध्ये व्यवस्थित बसलेला, लाइव्ह केल्यापासून एकदाही हलला नव्हता. त्याला ५० रेडियसनंच दिला होता. म्हणजे स्विच ऐकतोय, ॲट्रिब्यूटचा साचा बरोबर आहे, रस्ता मोकळा आहे. घोळ फक्त ८०२.१एक्सवाल्यांचा, आणि तोही सगळ्यांचा नाही, आणि तोही कायम नाही.

मग मी नेहमीचं केलं, माझा लॅपटॉप लावला, टेस्ट युजरनं लॉगिन केलं, व्हीलॅन २० मिळाला. काढला, टेबल बदललं, परत लावला, २०. सर्व्हरवरून इएपीओएल-टेस्ट नावाचं टूल चालवलं, त्यानं खोटा लॅपटॉप बनून लॉगिन करता येतं, दहा वेळा चालवलं, दहाही वेळा तिन्ही ॲट्रिब्यूट आले. दोन्ही रेडियस सर्व्हरवर वेगवेगळं चालवून बघितलं, न जाणो एकावर पॉलिसी जुनी राहिली असेल, तर तसंही नाही. शुक्रवार असाच गेला. मी बघत असलो की चालतं आणि चहाला गेलो की बंद पडतं, अशी अवस्था.

एक शंका मशीन ऑथेंटिकेशनची पण आली होती. विंडोज लॉगिन स्क्रीनवर कॉम्प्युटरच्या नावानं आत येतं आणि माणसानं लॉगिन केलं की माणसाच्या नावानं परत येतं, त्या अदलाबदलीत कधीकधी माणूस कॉम्प्युटरच्या व्हीलॅनमध्ये अडकतो. पण सेशनमध्ये मॅडमचं नाव होतं, होस्ट असं काही नव्हतं, म्हणून ती सोडली.

वळण कुठं मिळालं तर त्या पोराच्या एक्सेलमध्ये. शनिवारी हाफ डे होता, बसल्याबसल्या त्याला म्हटलं मजला नको लिहू, वेळ लिही. त्यानं व्हॉट्सॲपचे मेसेज बघून वेळा भरल्या. क्वालिटीच्या ओळी काढल्या तर उरलेल्या जवळजवळ सगळ्या दीड ते अडीचमध्ये. कँटीन एक ते दीड. आणि डिपार्टमेंट बघितलं तर अकाउंट्स, एचआर, परचेस. डिझाइनची एकही ओळ नाही. डिझाइनवाले तेच जेवण जेवतात, त्याच वेळी जेवतात.

सोमवारी एक वाजता मी अकाउंट्समध्ये नुसता उभा राहिलो. बेल झाली, मॅडमनी लॅपटॉप मिटला, पर्स घेतली आणि गेल्या. सगळ्यांनीच मिटले. मी विचारलं तर म्हणाल्या, "अहो पगाराची शीट उघडी असते, असं उघडं टाकून कसं जाणार." डिझाइनमध्ये गेलो तर तिथं टेबलाखाली मोठे वर्कस्टेशन, स्क्रीन लॉक करून निघून गेलेले, मशीन चालूच.

मिटलेला लॅपटॉप स्लीपमध्ये जातो, डॉकची लिंक पडते, स्विच सेशन पुसून टाकतो. परत आल्यावर उघडला की लिंक वर, आणि नव्यानं ऑथेंटिकेशन. पण नव्यानं म्हणजे पूर्ण नव्यानं नाही. विंडोजच्या पीईएपीमध्ये फास्ट रिकनेक्ट म्हणून एक टिक असते, मुळातच चालू असते. आधीचं टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शनचं) सेशन लक्षात असेल तर लॅपटॉप म्हणतो की आपण सकाळी भेटलोय, तेच सेशन पुढे चालू करू, पासवर्डची भानगड परत नको. सर्व्हरनंही ते सेशन साठवलेलं असेल तर तो हो म्हणतो.

आणि सर्व्हरवर ते साठवायचं मीच चालू केलं होतं. मूळ कॉन्फिगमध्ये ते बंद असतं. पायलटच्या वेळी मला वाटलेलं की जेवणानंतर सगळे एकदम परत आले की एडीवर लोड येईल, म्हणून सेशन कॅश चालू केला, २४ तासांचा, आणि विसरून गेलो. कुणी मागितलंही नव्हतं.

आता यात व्हीलॅन कुठं हरवतो ते सांगतो, कारण गंमत तिथं आहे. पीईएपीमध्ये दोन थर असतात. बाहेर एक टीएलएसचा बोगदा आणि बोगद्याच्या आत खरं नाव-पासवर्ड. फ्रीरेडियसमध्ये आतल्या भागाचं वेगळं व्हर्च्युअल सर्व्हर असतं, इनर-टनेल. खरं युजरनेम तिथं कळतं म्हणून एडीचा ग्रुप बघून व्हीलॅन ठरवायची पॉलिसी मी तिथंच लिहिली होती, आणि आतला रिप्लाय बाहेरच्या ॲक्सेप्टमध्ये आणायचा ऑप्शन चालू केला होता. पूर्ण ऑथेंटिकेशनला हे सगळं झकास चालतं. पण सेशन रिझ्यूम झालं की सर्व्हर आत जातच नाही. का जाईल, ओळख तर झालेलीच आहे. मग इनर-टनेल चालत नाही, पॉलिसी चालत नाही, ग्रुप बघितला जात नाही, आणि बाहेर जातो तो बोडका ॲक्सेप्ट. सेशनसोबत तुम्ही सांगाल तेवढंच साठतं, त्या यादीत व्हीलॅन मी घातला नव्हता.

माझ्या टेस्ट का पास होत होत्या तेही लगेच कळलं. इएपीओएल-टेस्ट प्रत्येक वेळी कोरं सुरू होतं, त्याच्याकडे जुनं सेशन नसतं. आणि माझा लॅपटॉप लिनक्सवर, त्यात मी दर वेळी टेबल बदललं की नेटवर्कची सर्व्हिस रिस्टार्ट करून लॉग साफ करायचो, जास्त शहाणपणा. मॅडमना दिलेला रिस्टार्टचा सल्लाही तसाच, त्यानं लॅपटॉपकडचं सेशन जायचं आणि पूर्ण ऑथेंटिकेशन व्हायचं, म्हणून "सुटायचं".

पण तर्क जुळला म्हणजे सिद्ध झालं असं नाही, बुधवारचा तो मेल अजून टोचत होता. म्हणून तीन गोष्टी केल्या.

इएपीओएल-टेस्टलाच एक ऑप्शन आहे, छोटा आर, त्यानं पहिल्या लॉगिननंतर तेच प्रोसेस परत ऑथेंटिकेट करतं. आर १ लावून चालवलं: पहिल्या ॲक्सेप्टमध्ये तिन्ही टनेल ॲट्रिब्यूट, दुसऱ्यात एकही नाही. आठ दिवस जे हातात येत नव्हतं ते दहा सेकंदांत, आणि परत परत. दुसरं, चालू सर्व्हर न थांबवता रॅडडीबगनं (त्याला कंट्रोल सॉकेट चालू असावा लागतो) फक्त मॅडमच्या युजरवर नजर ठेवली, जेवणानंतर स्पष्ट ओळ आली की सेशन रिझम्पशनमुळे फेज टू (आतला नाव-पासवर्डचा भाग) स्किप करतोय. पॅकेटमध्येही ते दिसतं, सकाळच्या लॉगिनला चॅलेंजच्या बऱ्याच फेऱ्या आणि दुपारच्याला मोजक्याच. तिसरं, आयटीच्या पोराच्या लॅपटॉपवर फास्ट रिकनेक्टची टिक काढली आणि त्याला दहा वेळा मिटायला-उघडायला लावला. दहाही वेळा २०. टिक परत लावली, दुसऱ्याच उघडण्याला ९०. पोरगा म्हणाला, "सर, हे तर जादू सारखं झालं." जादू कसली, माझंच कॉन्फिग.

याच नादात डिझाइनवाले का वाचले तेही पुरतं पटलं. आम्ही स्विचवर ठराविक तासांनी रीऑथेंटिकेशन लावलं नव्हतं. लावलं असतं तर टेबलाखालचे वर्कस्टेशनही मध्येच रिझ्यूम होऊन ९० मध्ये पडले असते, आणि तक्रारी सगळ्या मजल्यांवरून सगळ्या वेळी आल्या असत्या, मग दीड-अडीचचा धागा मिळालाच नसता.

दुरुस्तीचे रस्ते तीन होते.

कॅश बंद करून टाकणं हा सगळ्यात सोपा. मंगळवारी तात्पुरता तोच केला, जेवायच्या आधी, आणि त्या दिवशी फोन आला नाही. क्लायंटला खरंतर एवढंच पुरलं असतं.

दुसरा म्हणजे व्हीलॅनचं ॲट्रिब्यूटही सेशनसोबत साठवायचं, फ्रीरेडियसमध्ये त्याची सोय आहे, कॉन्फिगमधल्या नमुन्यातच टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीचं उदाहरण दिलेलं आहे. हा मी लॅबमध्ये लावून बघितला आणि मला आवडला नाही. टेस्ट युजरला अकाउंट्समधून काढून डिझाइनच्या ग्रुपमध्ये टाकला, पोर्ट पाडून वर केला, तरी तो २० मध्येच. कारण सर्व्हर सकाळचा साठवलेला निर्णय वाचून दाखवतोय. २४ तास तो तसाच राहणार. माणसाची बदली झाली तर एक दिवस चालून जाईल, पण कुणाला बाजूला काढायचंय, लॅपटॉपला व्हायरस लागलाय, नोकरी सोडून गेलाय, अशा वेळी तुम्ही सीओए (चालू सेशन बदलायचा किंवा तोडायचा स्विचला दिलेला हुकूम) पाठवून सेशन तोडाल, लॅपटॉप परत येईल आणि सेशन रिझ्यूम करून जुन्याच व्हीलॅनमध्ये ऐटीत बसेल. मग नॅक लावलं कशाला.

तिसरा मी घेतला. व्हीलॅनचा निर्णय इनर-टनेलमधून उचलून बाहेरच्या सर्व्हरच्या पोस्ट-ऑथमध्ये आणला. तो भाग प्रत्येक ॲक्सेप्टच्या आधी चालतो, सेशन नवीन असो की रिझ्यूम झालेलं. फक्त तिथं खरं युजरनेम हवं, कारण बाहेरच्या थरात विंडोज नाव लपवूही शकतं. तर आतलं नाव सेशनसोबत साठवलं, ते रिझ्यूम झाल्यावर परत हाताशी येतं. त्या नावावर दर वेळी एलडॅपनं (एडीला माहिती विचारायची पद्धत) ग्रुप विचारायचा आणि व्हीलॅन द्यायचा. म्हणजे ओळख साठवलेली चालेल, जागा मात्र दर वेळी ताजी ठरणार. पासवर्ड तपासायची फेरी वाचते, एलडॅपचा एक छोटा सवाल तेवढा वाढतो. एडीच्या लोडची मला जी भीती होती ती मी मोजायला बसलो तर दीड वाजताही आलेख झोपलेलाच होता, शे-दीडशे लॅपटॉपची ती बिल्डिंग, एडीला त्याचं काय. कॅश नसता तरी काही बिघडलं नसतं.

याशिवाय एक गोष्ट घातली जी पहिल्या दिवशी असती तर एवढं रामायण झालंच नसतं. पोस्ट-ऑथच्या शेवटी एक तपासणी, की ८०२.१एक्सचा ॲक्सेप्ट निघालाय आणि त्यात व्हीलॅन नाही, तर ९० स्पष्ट लिहून पाठवायचा आणि लॉगमध्ये नावासकट ओळ टाकायची. नकार द्यायचा की ९० मध्ये टाकायचं यावर क्लायंटच्या साहेबांशी थोडं वाजलं, ऑडिटवाल्यांना नकार हवा होता, साहेबांना फोन नको होते, शेवटी ९० वर मिटलं. माझं मत अजूनही नकाराच्या बाजूनं आहे. काही पूर्ण बंद पडलं की माणूस लगेच सांगतो, अर्धवट चालणाऱ्या गोष्टीवर लोक चार दिवस वायफाय हॉटस्पॉट लावून भागवतात, परचेसवाले तेच करत होते असं नंतर कळलं. आणि रिप्लाय-लॉगही चालू केला, म्हणजे प्रत्येक ॲक्सेप्टमध्ये काय गेलं ते फाइलमध्ये दिसतं. डिस्क थोडी खातो, खाऊ दे.

बदल मंगळवारी रात्री चढवला, जुने कॅश केलेले सेशन डिस्कवर फाइलमध्ये असतात त्या पुसल्या, कारण नाहीतर ज्यांच्यात आतलं नाव साठलेलं नाही असे जुने सेशन दुसऱ्या दिवशी परत डोकं खाणार. हे आधी सुचलं नव्हतं, लॅबमध्ये एकदा आपटलो म्हणून कळलं. बुधवारी एक वाजता परत अकाउंट्समध्ये जाऊन उभा राहिलो. दीड वाजता मॅडम आल्या, लॅपटॉप उघडला, मी त्यांच्या खांद्यामागून स्विचचं सेशन फोनवर बघतोय, २०. त्या म्हणाल्या, "काय हो, अजून काही राहिलंय का?"

राहिलं होतं खरं. स्टोअरमध्ये अजून एक स्पेअर स्विच होता, त्याच जुन्या कॉन्फिगचा. निघताना आयटीच्या पोरानं त्याच्या खोक्यावर मार्करनं मोठ्ठं "४०" लिहून ठेवलं.